लॅक्स्टन : जिथे बांध कोरला की पबमध्ये दंड ठरतो

धागाकर्ती : मोहरी

इंग्लंडमधल्या खेड्यांवर इथे बरेच धागे झालेत. मधाळ रंगाची दगडी घरं, दारावर गुलाब, ओढ्यावरचा छोटा पूल आणि त्या पुलावर उभं राहून काढलेला आपला फोटो. तसल्या गावांबद्दल माझी तक्रार नाही, पण आज लिहितेय ते गाव फोटोत फारसं भाव खाणारं नाही. नॉटिंगहॅमशायरमध्ये, टक्सफर्ड आणि ऑलर्टन यांच्या मध्ये, लाल विटांच्या घरांचं लॅक्स्टन. एक चर्च, एक पब, बाजूला जुन्या किल्ल्याचा गवताळ उंचवटा आणि हिवाळ्यात बुटाला किलोभर चिकटणारी चिकणमाती. नॉटिंगहॅमहून गाडीनं पाऊण-एक तास. रॉबिन हूडचं शेरवुड जवळच असल्यामुळे पर्यटक तिकडे वळतात आणि हे गाव राहून जातं.

राहून जाऊ नये असं काय आहे इथे? गावाभोवती तीन प्रचंड शेतं आहेत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. तिन्ही मिळून पाचशे एकरांच्या आसपास. एकाही शेताच्या आत कुंपण नाही, झुडपांची रांग नाही. प्रत्येक शेतात गावातल्या वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे आहेत, एकाचा इथे तर दुसरा तिकडे. मध्ययुगात मध्य इंग्लंडातली बहुतेक गावं अशीच शेती करत. आज ही पद्धत तिच्या नियमांसकट आणि तिच्या कोर्टासकट चालू आहे ती फक्त लॅक्स्टनमध्ये. डेव्हनमधलं ब्राँटन ग्रेट फील्ड किंवा लिंकनशायरमधलं आयल ऑफ अ‍ॅक्सहोम इथे पट्टे शिल्लक आहेत, पण गावाची ज्युरी आणि कोर्ट मिळून शेती चालवतात असं तिथे नाही.

गावाची रचनाही त्यातूनच आलेली आहे. इंग्लंडमध्ये इतरत्र शेतकऱ्याचं घर त्याच्या शेताच्या मधोमध एकटं उभं असतं. इथे सगळी शेतघरं गावातल्या रस्त्याला लागून, दाटीनं, बरीचशी रस्त्याकडे आखूड बाजू करून. मागे परसबाग आणि गोठा. ज्याची जमीन तिन्ही दिशांना विखुरली आहे त्यानं घर बांधायचं ते मध्यावरच. रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात, शेणाचा वास येतो आणि नवीन राहायला आलेल्यांपैकी कुणाकुणाला तो आवडत नाही, हेही ओघानं आलंच.

सन १६३५ मध्ये तेव्हाच्या जमीनदारानं, सर विल्यम कोर्टननं, मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराकडून या गावाचा नकाशा काढून घेतला. चर्मपत्रावरचा हा नकाशा आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकूण एक पट्टा दाखवलाय, आणि मोकळ्या जागांत नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी चिमुकली माणसंही. आजच्या वेस्ट फील्डच्या कडेला उभं राहून त्या नकाशाची प्रत हातात धरली की वाटा सापडत जातात. पट्टे मात्र आता तेवढे बारीक नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची जोडणी झाली, आणि पुढे यंत्रं आल्यावर रुंद पट्टेच सोयीचे ठरले.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी 'ज्युरी डे' असतो. त्या वर्षी ज्या शेतात हिवाळी गहू पेरलाय, त्या शेताची पाहणी करायची. ज्युरी म्हणजे त्याच शेतात पट्टे असलेले शेतकरी. सकाळी डव्हकोट इन या पबजवळ जमायचं, ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये चढायचं, आणि शेताच्या कडेनं निघायचं. ट्रेलरवर लाकडी खुंट्यांची चळत, मोठा हातोडा, फावडं. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशी उतरून बघायचं की नांगर आपल्या हद्दीत थांबलाय का. शेजाऱ्याच्या पट्ट्यात घुसलाय का, सामाईक वाटेत शिरलाय का, की 'साइक' म्हणून राखलेल्या गवताच्या सामाईक पट्टीत गेलाय? हद्द पुसट झाली असेल तर तिथेच वाद घालून, नजरेनं आणि पावलांनी मापून नवी खुंटी ठोकायची. ज्याचं तास (नांगराची ओळ) पलीकडे गेलंय तो बऱ्याचदा तिथेच, त्याच ट्रेलरवर बसलेला असतो. बाकीचे त्याच्याकडे बघतात. तो आभाळाकडे बघतो.

दुपारी सगळे पबमध्ये जेवायला. मग कुणाला किती दंड, यावर बोलणं. पुढच्या गुरुवारी त्याच पबमध्ये 'कोर्ट लीट', म्हणजे जमीनदाराच्या नावानं चालणारं जुनं गावकोर्ट, भरतं. जमीनदाराच्या वतीनं स्टुअर्ड बसतो, हा बहुधा वकील असतो. ज्युरीचा अहवाल, दंड, नव्या वर्षासाठी ज्युरीची शपथ. हजर राहायला हवं त्यानं दांडी मारली तर त्यालाही नाममात्र दंड. आणि हे नाटक नाही. १९७७ च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस अ‍ॅक्टनं देशभरातल्या असल्या जुन्या मॅनर (जमीनदारी) कोर्टांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले. बरीचशी कोर्टं समारंभापुरती उरली. लॅक्स्टनचं कोर्ट लीट त्यातून मुद्दाम वगळलं गेलं.

मालकीचा प्रवासही मजेदार आहे. पियरपाँट घराण्याकडे (पुढे ते अर्ल मॅनव्हर्स) गाव जवळजवळ तीन शतकं होतं. १९५२ मध्ये शेवटच्या अर्लनं ही शेती टिकावी म्हणून ते कृषी मंत्रालयाला विकलं. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे (ब्रिटिश राजसत्तेच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) गेलं. २०२० मध्ये क्राउन इस्टेटनं ते थोर्सबी इस्टेटला दिलं, म्हणजे फिरून पियरपाँटांच्याच वारसांकडे.

वाचकांपैकी कुणी शेती करणारं असेल तर त्यांचं मत ऐकायला आवडेल.

----

प्रतिसाद : बांधावरचा

झकास धागा. मी सातारा जिल्ह्यात शेती करतो, त्यामुळे 'नांगर शेजारच्याच्या पट्ट्यात गेला' हे वाक्य वाचून कान टवकारले. आमच्याकडं बांध कोरण्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारातलं पाणी सोडलंय. दर सालाला नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरत जायचा, दहा सालांत बांधच गायब. मग मोजणीचा अर्ज, मग मोजणी मान्य नाही म्हणून अपील, मग दिवाणी दावा. वकिलाची फी त्या बांधाच्या जमिनीपेक्षा जास्त.

दोन शंका. एक, प्रत्येक शेतात एकच पीक का? माझ्या पट्ट्यात मला कांदा घ्यायचा असेल तर? दोन, दंड किती? पाच-पन्नास रुपये असेल तर कोण भितो?

----

प्रतिसाद : मोहरी

बांधावरचा, कांद्याला परवानगी नाही :)

तीन वर्षांचं चक्र आहे. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक (जव वगैरे), तिसरं पड. दरवर्षी चक्र एक घर पुढे सरकतं. पूर्वी पड शेतावर सगळ्या गावाची जनावरं एकत्र चरायची आणि खतही तिथेच पडायचं. एकट्यानंच मध्ये भलतं पीक घेतलं तर सगळ्यांचंच चरणं अडलं असतं. आता पड सालात चाऱ्याची पिकं घेतात, पण चक्र मोडलेलं नाही. ज्याला वेगळं काही करायचंय त्याच्याकडे गावाबाहेर कुंपणातली स्वतंत्र जमीन असतेच. बहुतेक शेतकऱ्यांचा चरितार्थ त्या जमिनीवर आणि जनावरांवरही चालतो, हे मूळ लेखात लिहायला हवं होतं.

दंड लहानच असतात. पण तो कुणासमोर होतो ते बघा. ज्याच्या पट्ट्यात तुम्ही घुसलात तो, त्याचा मेव्हणा, तुमच्याकडून बी उसनं नेणारा आणि पुढच्या उन्हाळ्यात ज्याचं कापणीयंत्र तुम्हाला लागणार तो, असे सगळे टेबलाभोवती बसलेत. आणि चक्र फिरून तेच शेत गव्हाखाली आलं की हेच लोक पुन्हा मापायला येणार आहेत.

साइकबद्दल थोडं. उताराची, ओलसर, नांगराला न जुमानणारी जमीन गवताला सोडलेली असते, तीच ही साइक. त्यातल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. कधीच नांगर न लागल्यामुळे या पट्ट्यांत जुनी रानफुलं टिकली आहेत आणि सरकारनं त्यांना निसर्गाच्या दृष्टीनं खास संरक्षित जागेचा दर्जा दिलाय. म्हणजे नोव्हेंबरात 'साइकमध्ये नांगर घातला' म्हणून होणारा दंड फुलांचीही राखण करतो, कुणाच्या मनात ते असो वा नसो.

----

प्रतिसाद : तिरकस

लेख चांगला आहे, पण जरा टाचणी लावतो.

हे सगळं 'गावकीचा गोडवा' म्हणून वाचलं जातंय. पण कोर्ट कुणाचं? जमीनदाराचं. स्टुअर्ड कुणाचा माणूस? जमीनदाराचा. शेतकरी कोण? बहुतेक कुळं. एक अर्ल विकतो, मंत्रालय घेतं, मग क्राउन, मग फिरून तेच घराणं. गावकऱ्यांना कुणी विचारलं? आपल्याकडे कूळकायद्यानं जे मोडलं त्याचं तिकडे जतन चाललंय आणि आपण टाळ्या वाजवतोय. शिवाय सरकारी आणि राजघराण्याच्या आधाराशिवाय हे पन्नास-साठच्या दशकातच संपलं असतं. संग्रहालयच की हे, फक्त आतली माणसं जिवंत.

----

प्रतिसाद : इतिहासकिडा

तिरकस, जमीनदाराचा मुद्दा रास्त आहे, पण उलट बाजू बघा. खुली शेतं मोडली ती कुणी? जमीनदारांनीच, आणि पार्लमेंटच्या शिक्क्यानिशी. १६०४ ते १९१४ या काळात खुल्या जमिनी वाटून कुंपणात घालण्याचे ५,२०० हून जास्त कायदे झाले. त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन गेली, इंग्लंडच्या क्षेत्रफळाच्या एक पंचमांशाहून थोडी जास्तच. कमिशनर यायचे, पट्टे एकत्र करून सरळ रेषांत वाटायचे, हॉथॉर्नची काटेरी कुंपणं लागायची. कागदावर प्रत्येकाला त्याचा हिस्सा मिळायचा. पण ज्याचा 'हिस्सा' म्हणजे सामाईक कुरणावर एक गाय चारण्याची वहिवाट एवढाच होता, त्याला तुकडा मिळाला तरी त्याचं कुंपण घालायला पैसे नसायचे. विकून मोकळा. मग शेतमजुरी नाही तर शहर. पार्लमेंटच्या कायद्यांच्या लाटेआधीपासून याविरुद्ध दंगे होत होते. १६०७ मध्ये मध्य इंग्लंडातल्या उठावात नॉर्थॅम्प्टनशायरच्या न्यूटनला चाळीस-पन्नास माणसं मारली गेली.

लॅक्स्टन वाचलं ते कुणाच्या थोरपणामुळे नाही. जमीन भारी चिकणमातीची, कुंपणाच्या खर्चाच्या मानानं फायदा बेताचा. आणि गावात जमीन असलेल्या बड्या मालकांचं एकमत होईना. भांडण मिटेपर्यंत काळ पुढे गेला आणि कुंपण घालायची घाई कुणालाच उरली नाही. आपल्याकडेही कित्येक जुने वाडे असेच टिकलेत, भाऊबंदांचं जमत नाही म्हणून.

त्यामुळे 'जतन' हा विचार फार उशिरा, विसाव्या शतकात आला. त्याआधी शेकडो वर्षं लोक ही शेती गरज म्हणून करत होते.

----

प्रतिसाद : मोजणीदार

भूमी अभिलेख खात्यात उभी हयात गेली, त्यामुळे राहवलं नाही.

मोहरीताई, तुमच्या त्या नकाशाच्या थोडं आधी, १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं मोजणीची साखळी काढली. लांबी ६६ फूट, शंभर कड्या. दहा साखळ्यांचा एक फर्लांग, आणि एक फर्लांग लांब व एक साखळी रुंद पट्टा म्हणजे बरोबर एक एकर. हा लांबट एकर पट्ट्यांच्या शेतीतून आलेला आहे. बैलांचं मोठं औत पुन्हापुन्हा वळवणं कटकटीचं, म्हणून तास लांबच लांब ठेवायचं. एका दिवसात नांगरून होईल तेवढी जमीन, असा एकराचा जुना अंदाज. (क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड का, याचं उत्तरही तीच साखळी. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट.)

आता घरी या. मुंबई इलाख्यात मोजणीला निम्मी साखळी वापरली, ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे एक एकर. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी-जमाबंदी सुरू केली, तिची मापं या घराण्यातली. तुम्ही गुंठेवारीचे प्लॉट घेता-विकता तेव्हा हाच हिशेब चालतो.

आणि एक विचारायचं होतं. भटक्या जनावरांचं काय करतात तिथे? कोंडवाडा आहे का?

----

प्रतिसाद : मोहरी

आहे की! पबच्या अगदी जवळ विटांचा कोंडवाडा उभा आहे. कोर्ट लीटच्या नेमणुकांमध्ये 'पिंडर' नावाचं पद असतं, मोकाट सुटलेली जनावरं धरून कोंडवाड्यात घालणारा. हल्ली खुल्या शेतांवर जनावरं सामाईक चरत नसल्यामुळे त्याला काम फारसं नसतं, पण पद अजून भरलं जातं.

----

प्रतिसाद : मोजणीदार

वा. आपला १८७१ चा पशु अतिक्रमण कायदा वाचा. पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात न्यायचं, मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं, मुदतीत आला नाही तर लिलाव. इंग्रजांनी त्यांच्या गावातली सवय कायद्याच्या भाषेत बांधून इकडे आणली. तिकडचा कोंडवाडा उभा आहे, आमच्या तालुक्यातल्या कोंडवाड्यावर शॉपिंग सेंटर झालंय.

----

प्रतिसाद : पांझराकाठ

लॅक्स्टन वाचताना मला आमची फड पद्धत आठवत होती. धुळे-नाशिककडच्या वाचकांना माहीत असेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे, त्यांवरून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, फडात सगळ्यांचे तुकडे, आणि दरवर्षी पीक एका फडातून दुसऱ्यात सरकवायचं. उसाचा फड यंदा हा, पुढच्या वर्षी तो. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. शेतकरी स्वतःच्या वावराला स्वतः पाणी फोडत नाही. पाटकरी द्यायचा, ओळीनं.

लॅक्स्टनमध्ये सगळ्यांना बांधणारी गोष्ट चराई होती, आमच्याकडे पाणी. पिकाचं चक्र आणि विखुरलेले तुकडे मात्र तेच. टोकाला एक तुकडा, मुखाशी एक तुकडा, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांचंच थोडं थोडं जळतं. माझ्या आजोबांचे तीन फडांत तीन तुकडे होते. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, आणि ज्याच्या हाती स्वतःचं पाणी आलं त्याला पाटकऱ्याची पाळी नकोशी झाली. काही ठिकाणी फड अजून चालतात. त्यांच्यासाठी असा कुणी 'अर्ल' पुढे आल्याचं मी ऐकलं नाही.

----

प्रतिसाद : तिरकस

पांझराकाठ, तुमच्या प्रतिसादानं माझाच मुद्दा पक्का होतो आणि थोडा ढिलाही होतो. पक्का असा की बाहेरून कुणी पाठीशी असल्याशिवाय असली व्यवस्था टिकत नाही. ढिला असा की फडाला जमीनदार नव्हता, तरी ती शेकडो वर्षं चालली. म्हणजे जमीनदार हा या पद्धतीचा प्राण नव्हे. इतपत मान्य.

पण एक विचारतो, मोहरीताईंना किंवा इंग्लंडमधल्या कुणालाही. लॅक्स्टन हा अपवाद झाला. बाकीच्या खेड्यांत 'गाव' म्हणून काही उरलंय का? की नुसते पेन्शनर आणि लंडनला कामाला जाणारे?

----

प्रतिसाद : दलदलकर

मी उत्तर देतो, लॅक्स्टनहून फार लांब नसलेल्या, लिंकनशायरमधल्या एका खेड्यात राहतो. आमच्याकडे ना ज्युरी ना पट्टे. चारी बाजूंना सपाट शेतं, त्यांत एखाददुसरा शेतकरी अवाढव्य यंत्र घेऊन फिरतो. भाजी काढायला पूर्व युरोपातून आलेले कामगार, गावात निवृत्त मंडळी, शहरात कामाला जाणारे, आणि आमच्यासारखे घर स्वस्त म्हणून आलेले. बस दिवसातून मोजक्या वेळा. टपाल कचेरी कधीच गेली. तरीही गाव आहे.

सगळ्यात तळाला पॅरिश कौन्सिल. १८९४ च्या कायद्यानं सुरू झालेली ही आपल्या ग्रामपंचायतीची फार अशक्त बहीण. रस्ते, शाळा, पाणी यातलं काहीच तिच्या हाती नाही. बाकं, खेळाचं मैदान, पायवाटा, कुठे स्मशानभूमी, आणि गावात कुणी घर वाढवायला काढलं की त्यावर मत देणं. सदस्यांना पगार नाही. बैठकीला पाच माणसं आणि निम्मा वेळ कुत्र्यांच्या शीवर. हसू नका, मीही एकदा त्याच विषयावर बोलायला गेलो होतो.

खरं गाव भरतं व्हिलेज हॉलमध्ये. पत्र्याचं छप्पर, घडीच्या खुर्च्या, मोठं चहाचं पिंप. तिथे सोमवारी योगासनं (शिकवणारी मराठी नाही, इंग्रजच), मंगळवारी लहान मुलं, महिन्यातून एकदा विमेन्स इन्स्टिट्यूट. या संस्थेची इंग्लंडमधली पहिली शाखा १९१५ मध्ये ससेक्समधल्या सिंगलटनला निघाली. पहिल्या महायुद्धात गावांतल्या बायकांनी अन्न पिकवावं, टिकवावं, हा तेव्हाचा कार्यक्रम. या बायकांच्या जॅमची चेष्टा खूप होते, पण आमच्या गावात कुणी आजारी पडलं तर कुणी कुठल्या दिवशी जेवण पोचवायचं याचा तक्ता याच बायकांकडे असतो. माझी बायको पाय मोडून पडली होती तेव्हा तीन आठवडे आमच्या दाराशी झाकलेलं भांडं यायचं. कुणी आत येऊन बसायचं नाही. बेल वाजवायची, भांडं द्यायचं, हवापाणी बोलायचं आणि जायचं. सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं होतं.

शरद ऋतूत हार्वेस्ट सपर. चर्चमधल्या सुगीच्या सणाचं आजचं रूप १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोच्या हॉकर या पाद्र्यानं सुरू केलं असं मानतात, म्हणजे सण वाटतो तितका पुरातन नाही. भोपळे, पावाच्या जुड्या आणि हल्ली टिनचे डबे, कारण ते पुढे फूड बँकेला जातात. जेवणानंतर रॅफल (तिकिटांची सोडत). प्रत्येक कार्यक्रमात रॅफल. तीच वाइनची बाटली वर्षानुवर्षं बक्षीस म्हणून फिरतेय असा माझा दाट संशय आहे.

आणि पब. आमचा बंद पडायला आला तेव्हा गावानं २०११ च्या लोकलिझम अ‍ॅक्टखाली त्याची 'गावाच्या मोलाची जागा' म्हणून नोंद करून घेतली. त्यामुळे मालक विकायला काढेल तेव्हा गावाला बोली उभी करायला सहा महिन्यांची मुदत मागता येते. विकत घेण्याइतके पैसे काही उभे राहिले नाहीत. नवा चालवणारा मिळाला, सध्या निभतंय. लाल टेलिफोन बॉक्स मात्र गावानं टेलिफोन कंपनीकडून एक पौंडाला घेतला. आत, हृदय बंद पडलं तर विजेचा झटका देऊन चालू करणारं यंत्र लावलंय आणि फळीवर वाचून झालेली पुस्तकं.

तिरकसांना उत्तर : उरलंय, पण त्यातलं बहुतेक काम साठीच्या पुढची दहा-बारा माणसं करतात. पुढे कोण, हे कुणालाच विचारवत नाही. लॅक्स्टनवाल्यांना निदान दरवर्षी नोव्हेंबरात शेतावर जावंच लागतं. कोर्ट आहे म्हणून. आमच्याकडे कुणावर कसली सक्ती नाही आणि त्याचीच मला जरा भीती वाटते.

----

प्रतिसाद : मोहरी

दलदलकर, तुमच्या प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा. सक्तीबद्दलचं पटलं. लॅक्स्टनमध्येही शेतघरांच्या अधेमधे शेतीशी संबंध नसलेली मंडळी राहतात, शेतकऱ्यांची संख्या पिढीगणिक घटतेय, आणि कुळांच्या मुलांनी पुढे शेती करावी की नाही ही चर्चा घरोघरी आहे. २०१८ मध्ये क्राउन इस्टेट हे गाव सोडणार अशी बातमी आली तेव्हा जो अस्वस्थपणा होता तो याच कारणानं : नवा मालक कोण, आणि कोर्ट चालू ठेवेल का? पियरपाँटांच्या इस्टेटीकडे गेल्यावर ती धास्ती कमी झाली. तिरकस म्हणतील, बघा, मालकावर अवलंबून. तर हो, आहेच.

पण मालकानं कोर्ट ठेवलं तरी खुंटी शेतकऱ्यांनाच ठोकावी लागते. स्टुअर्डला काही पट्ट्यांची हद्द ठाऊक नसते.

अवांतर : गावाच्या कडेलाच नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे. १९९५ मध्ये एका कुटुंबानं स्वतःच्या खटपटीनं सुरू केलं. बागेत गुलाबाची झाडं आहेत, प्रत्येक रोपाखाली कुणाच्या तरी नावाची पाटी. लॅक्स्टनला गेलात तर तिथेही वेळ काढा. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जड जातात हे खरं.

----

प्रतिसाद : बांधावरचा

पांझराकाठ आणि मोजणीदार, दोघांना +१.

तुकडेजोडीबद्दल एक सांगतो. आपल्याकडं १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला, गावोगाव गट पाडले. कागदावर एकाची चार ठिकाणची जमीन एका गटात आली. पण आमच्या गावात कित्येकांनी कब्जा सोडलाच नाही. गट एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची. का सोडला नाही? कारण माझ्या आजाला विहिरीजवळचं काळं रान आणि माळावरचं मुरमाड असं दोन्ही मिळालेलं. काळ्यात पाऊस जास्त झाला तर माळ तारायचा. साहेब लोकांना ते 'विखुरलेलं' वाटलं. लॅक्स्टनमध्ये जोडणी झाली तरी तिन्ही शेतांत प्रत्येकाचे पट्टे ठेवले, हे शहाणपणाचं वाटलं.

बाकी ज्युरीची कल्पना आमच्या भावकीत मांडून बघितली. धाकटा चुलता म्हणाला, ट्रेलरवर बसवा, पण दंड ठरवायला तुझ्या बापाला बसवू नका.

----

प्रतिसाद : गिरकी

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी लीड्सला बहिणीकडे जाणार आहे. ज्युरी डेला बाहेरच्यानं गेलेलं चालतं का? आणि एरवी बघण्यासारखं काय?

----

प्रतिसाद : मोहरी

गिरकी, ज्युरी डे हा त्यांचा कामाचा दिवस आहे. जायचंच असेल तर आधी पबकडे चौकशी करा, ट्रेलरवर जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. एरवी कधीही जा. सार्वजनिक पायवाटा शेतांमधूनच जातात. डव्हकोट इनच्या आवारातल्या माहिती केंद्रातून सुरुवात करा, नंतर चर्च, मग गल्लीतून वर किल्ल्याच्या उंचवट्यावर. तिथून खालची रचना ध्यानात येते. वेस्ट फील्डला जायला तासभर हाताशी ठेवा. पट्टे ओळखायचे असतील तर जून-जुलैपेक्षा पेरणीनंतरचा काळ बरा; पीक वाढलं की सगळं एकसारखं दिसतं. साइकमधली फुलं बघायची असतील तर मात्र गवत कापायच्या आधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला.

लीड्सहून ट्रेननं रेटफर्ड किंवा न्यूअर्कपर्यंत येता येईल, पुढे गाडी हवीच. आणि नोव्हेंबर असो की जून, गमबूट आणा. बहिणीकडे नसतील तर टक्सफर्डच्या आधीच कुठेतरी घ्या.